छातीतली कळ, पोटरीतली गोष्ट

समजा, तुम्ही रेडीचे आहात. वेंगुर्ले तालुक्याचं पार दक्षिणेचं टोक, जवळ यशवंतगड, खाडी ओलांडली की गोवा. कॉलेज मात्र मुंबईत. महिन्याभरापूर्वी कबड्डी खेळताना घोट्याचं हाड मोडलं. तीन आठवडे प्लास्टर, त्यातले बहुतेक दिवस रूमवर आडवं पडून, मोबाइल छातीवर ठेवून. गणपती तोंडावर आले तेव्हा प्लास्टर निघालं आणि त्याच रात्री तुम्ही गावची बस पकडली. 500 किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, त्यात चतुर्थीची गर्दी. पुढची सीट मागे झुकलेली, पायाशी कुणाची तरी बॅग. रात्रभर गुडघे दुमडलेलेच.

घरी पोचलात तेव्हा पोटरी जरा सुजलेली होती. प्लास्टर होतं, म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी पडवीतून विहिरीपर्यंत गेलात आणि धाप लागली. दीर्घ श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली सुरी फिरल्यासारखी कळ. आजीचं निदान तयार: "गॅस झालो असतलो. वाईच ओवो चाव." बाबा म्हणाले, बसमधला वारा लागला. तुम्ही मनात म्हणालात, जिम सोडून महिना झाला, स्टॅमिना गेला.

तिघंही चूक असू शकतात. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) खरं उत्तर छातीत नाहीच, ते त्या सुजलेल्या पोटरीत आहे. दुखणं एकीकडे आणि मूळ दुसरीकडे असल्यामुळेच हा आजार भल्याभल्यांच्या हातून निसटतो. त्याचं नाव पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी.

गुठळीचा प्रवास

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, सुटते आणि आतल्या खोल शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. पाय हलेनासा झाला की तिथला प्रवाह मंदावतो. रक्त साचलं, शिरेच्या आतल्या अस्तराला मार बसला किंवा रक्ताचीच गोठण्याकडे ओढ वाढली, तर गुठळी धरते. या तीन कारणांना आजही जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशो यांचं नाव आहे. 19व्या शतकाच्या मध्यावर त्यांनीच दाखवून दिलं होतं, की फुप्फुसात सापडणाऱ्या गुठळ्या बहुतेकदा तिथे तयार झालेल्या नसतात, दुसरीकडून वाहत आलेल्या असतात. आपल्या 'समजा'मधल्या पायात तिन्हीपैकी निदान दोन कारणं हजर आहेत.

पोटरीतून मांडीपर्यंत वाढलेली गुठळी तिथेच राहिली तर पाय सुजतो, दुखतो. तिचा तुकडा सुटला तर मात्र पुढचा रस्ता सरळ आहे. मांडीची शीर, पोटातली मोठी शीर, हृदयाचा उजवा भाग, तिथून फुप्फुसाची धमनी. इथपर्यंत वाट रुंद होत जाते. फुप्फुसात शिरल्यावर ती झाडाच्या फांद्यांसारखी बारीक होत जाते आणि तुकडा कुठेतरी अडकतो. लहान असेल तर फुप्फुसाच्या कडेच्या भागाला इजा होते आणि श्वास घेताना टोचतं. मोठा असेल तर हृदयाच्या उजव्या कप्प्यावर एकदम भार येतो. तो कप्पा पातळ भिंतीचा, हलक्या दाबाच्या कामाची सवय असलेला. तो थकला की रक्तदाब कोसळतो. काही जणांना पहिलं लक्षण म्हणून छातीत दुखत नाही की धाप लागत नाही, ते थेट चक्कर येऊन पडतात.

सगळं नॉर्मल, तरीही

या आजाराचं एक्स-रेवर ठळक चित्र दिसत नाही. फुप्फुसात हवा नीट जात असते, अडलेलं असतं ते रक्त. त्यामुळे स्टेथोस्कोप लावला तर श्वासाचा आवाज साफ असू शकतो आणि छातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. कोविडमध्ये घरोघरी घेतलेला, आता कपाटात पडलेला ऑक्सिमीटर शोधून बोटाला लावलात तर 97 दाखवेल. तरुण शरीर बराच काळ सांभाळून घेतं. ईसीजीवर बहुतेक वेळा एवढंच दिसतं, की हृदय जोरात धावतंय. ते तर परीक्षेच्या आदल्या रात्री तुमचंही धावतं.

म्हणून हा आजार न्यूमोनिया, दमा, बरगडीचा लचका, ॲसिडिटी, पॅनिक अटॅक यांचे मुखवटे घालून फिरतो. कॉलेजच्या वयात तर पॅनिक अटॅकचा शिक्का पटकन बसतो. मुलगी असेल तर आणखी पटकन, असं माझं मत आहे.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सची गोष्ट इथे आठवायलाच हवी. 2010 मध्ये तिच्या पायात काच घुसली, शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या वर्षी, 2011 मध्ये, तिच्या फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. त्यानंतर सप्टेंबर 2017 मध्ये सिझेरियनने मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी तिला धाप लागली. तिला आपला इतिहास ठाऊक होता. तिने नर्सला सांगितलं, मला सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारं औषध लागणार आहे. नर्सला वाटलं, वेदनाशामक औषधाने ही गोंधळली असावी. मग डॉक्टरांनी पायांची सोनोग्राफी केली. त्यात काहीच निघालं नाही. ती सीटीचा हट्ट धरून राहिली. सीटी झाला आणि फुप्फुसात अनेक लहान गुठळ्या दिसल्या. जगातल्या सर्वांत ओळखीच्या खेळाडूंपैकी एक, अमेरिकेतलं हॉस्पिटल, आणि तरीही तिला आपलं म्हणणं पटवून द्यावं लागलं. हा अनुभव तिने स्वतः 2018 मध्ये 'व्होग' मासिकाला सांगितला.

दुसरी गोष्ट एवढी सुखान्त नाही. एनबीसी वाहिनीचा पत्रकार डेव्हिड ब्लूम 2003 मध्ये इराक युद्धाचं वार्तांकन करत होता. वय 39. सैन्याच्या वाहनात दाटीवाटीत, पाय दुमडून दिवसरात्र प्रवास, झोपही तिथेच. पाय दुखायला लागले तेव्हा त्याने सॅटेलाइट फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेतला. त्यांनी तपासून घे म्हणून सांगितलं. तो ॲस्पिरिन घेऊन कामाला लागला. 6 एप्रिल 2003 ला फुप्फुसातल्या गुठळीने तो गेला.

1.5 की 9?

आता परत रेडीला येऊ. शेवटी आई ऐकत नाही आणि तुम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जाते. तिथे सीटी स्कॅन नाही, कुठल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात तो नसतो. पण निदानाची सुरुवात मशीनपासून होतच नाही, ती डॉक्टरांच्या मनात होते. 'गुठळी असू शकेल का?' हा प्रश्न तिथे उमटला तरच पुढची चाकं फिरतात. आणि तो उमटायला तुम्ही काय सांगता यावर फार काही अवलंबून असतं.

यासाठी डॉक्टरांकडे एक गुणपत्रिका आहे. कॅनडातले डॉक्टर फिलिप वेल्स यांच्या गटाने ती तयार केली, म्हणून तिला वेल्स स्कोअर म्हणतात. पायात गुठळीची लक्षणं असतील, म्हणजे सूज आणि दाबल्यावर दुखणं, तर 3 गुण. या लक्षणांना गुठळीपेक्षा जास्त पटणारं दुसरं कारण दिसत नसेल तर 3. नाडी मिनिटाला 100 च्या वर असेल तर 1.5. गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली असेल किंवा तीन दिवसांहून जास्त अंथरुणात पडून असाल तर 1.5. आधी कधी गुठळी झाली असेल तर 1.5. खोकल्यातून रक्त आलं तर 1 आणि कर्करोग असेल तर 1. बेरीज 4 च्या वर गेली की गुठळीची शक्यता धरून चालायचं.

तुम्ही खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "डॉक्टर, छातीत दुखतंय, कालपासून." नाडी 112. पाय तुम्ही दाखवला नाहीत, कारण पायासाठी तुम्ही आलाच नव्हता. प्लास्टर निघालेलं, अंगात फुल पँट. पावसाळ्याचे दिवस, गावभर सर्दी-ताप, तेव्हा छातीतल्या संसर्गाचं कारण डॉक्टरांना सहज पटतं. गुण झाले 1.5. अँटिबायोटिक घेऊन तुम्ही घरी.

आता तीच छाती, तीच नाडी, फक्त वाक्य वेगळं: "महिन्यापूर्वी घोटा मोडला होता, तीन आठवडे पडून होतो, चार दिवसांपूर्वी रात्रभर बसमधून आलो, ही पोटरी सुजलीय, आणि आता श्वास घेताना दुखतं." पाय 3, नाडी 1.5, पडून राहणं 1.5, आणि हे सगळं ऐकल्यावर दुसरं कारण फिकं पडतं म्हणून आणखी 3. एकूण 9.

दीड आणि नऊ यांच्या मधल्या अंतरात एकाही पैशाची तपासणी नाही.

डॉक्टरांनीच विचारायला हवं, हे खरं. पण सकाळच्या ओपीडीत बाहेर रांग असते आणि छाती दुखतेय म्हणणाऱ्याची पँट वर करायला लावणं प्रत्येकाला सुचतंच असं नाही. शिवाय आपल्याला पण एक वाईट खोड असते. दवाखान्यात आपण 'मुद्द्याचं तेवढंच' बोलतो. कुठला मुद्दा आहे ते आपल्याला कुठे ठाऊक असतं?

डी-डायमर: कोविडची आठवण

हा शब्द तुम्ही ऐकलेला आहे. 2020-21 मध्ये घराघरांत व्हॉट्सॲपवर रिपोर्ट फिरायचे, 'काकांचं डी-डायमर वाढलंय'. कोविडमध्ये रक्त गोठण्याचं प्रमाण वाढत होतं, म्हणून ती तपासणी आणि हेपरिनची इंजेक्शनं दोन्ही सगळ्यांच्या तोंडी झाली.

शरीर गुठळी विरघळवू लागलं की तिचे जे बारीक तुकडे रक्तात येतात त्यांतला एक म्हणजे डी-डायमर. शरीरात कुठे गुठळी मोडत असेल तर तो वाढतो. पण संसर्गात वाढतो, गरोदरपणात वाढतो, मार लागल्यावर, शस्त्रक्रियेनंतर, वयानुसारही वाढतो. म्हणजे तो वाढलेला दिसला म्हणून गुठळी आहे असं होत नाही. त्याचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. वेल्स स्कोअर कमी आहे आणि डी-डायमरही नॉर्मल आहे, तर गुठळी नाही असं पुष्कळ खात्रीने म्हणता येतं आणि सीटी वाचतो. स्कोअर मुळातच जास्त असेल तर डी-डायमरची वाट बघायची नसते, सरळ स्कॅनकडे जायचं. नऊ गुणांच्या माणसाचं डी-डायमर नॉर्मल आलं तरी त्याला घरी पाठवता येत नाही.

एक व्यवहारातली गोष्ट. डी-डायमर दोन वेगवेगळ्या एककांमध्ये छापतात. एकात नॉर्मलची सीमा साधारण 500, दुसऱ्यात तोच आकडा जवळपास निम्मा. त्यामुळे मुंबईच्या लॅबचा रिपोर्ट आणि गावाकडचा रिपोर्ट शेजारी ठेवून 'दुप्पट झालं' म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. पॅकेजमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून उगाच करून घेण्यात तर नाहीच.

तुमच्या वयाच्या लोकांसाठी आणखी एक सोपी चाळणी आहे. अमेरिकेतले डॉक्टर जेफ्री क्लाइन यांनी ती 2004 मध्ये मांडली. वय 50 च्या आत, नाडी 100 च्या खाली, ऑक्सिजन 95 किंवा वर, खोकल्यात रक्त नाही, एका पायाला सूज नाही, गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया किंवा मोठी दुखापत नाही, आधी गुठळी नाही, इस्ट्रोजेन असलेलं औषध सुरू नाही. आठही गोष्टी जुळल्या आणि डॉक्टरांनाही तपासून फारशी शंका वाटत नसली, तर रक्त तपासायचीही गरज नाही. हे वाचताना ज्यांच्या छातीत आत्ताच टोचायला लागलं, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा. निरोगी तरुणांमध्ये पायाच्या किंवा फुप्फुसाच्या गुठळीचं प्रमाण वर्षाला 10,000 मध्ये साधारण एक इतकं कमी आहे.

ज्या गोळीबद्दल कुणी बोलत नाही

त्या आठ गोष्टींतली शेवटची जरा थांबून बघायला हवी. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. गोळी न घेणाऱ्या 10,000 तरुणींमध्ये वर्षाला सुमारे 2 जणींना गुठळी होते, गोळी घेणाऱ्यांमध्ये, गोळीच्या प्रकारानुसार, 5 ते 12 जणींना. आकडा लहानच आहे, गरोदरपणातला धोका याहून जास्त असतो. म्हणून गोळी वाईट, असा निष्कर्ष काढू नका. पीसीओडीसाठी, मुरुमांसाठी, पाळी नियमित व्हावी म्हणून कितीजणी त्या घेतात, आणि त्यांना त्याची गरजही असते.

पण आपल्याकडे दुसरी एक गोळी आहे, ती गणपतीत आणि गौरीत हमखास निघते. पाळी पुढे ढकलायची गोळी. घरात पूजा आहे, गौर बसायची आहे, आई किंवा काकी म्हणते 'घे गं चार दिवस', नाहीतर मुलगीच ट्रीपसाठी घेते. नियमाप्रमाणे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायला हवी. प्रत्यक्षात अनेकदा काउंटरवर नाव सांगितलं की मिळते. यातलं नेहमीचं औषध म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. त्यात इस्ट्रोजेन नसतं, म्हणून ती निर्धोक मानली जाते. पण एवढ्या डोसला शरीर त्यातला थोडा भाग इस्ट्रोजेनमध्येच बदलतं, साधारण एका गर्भनिरोधक गोळीत असतं तितपत. ज्या मुलीला आधी गुठळी झालीय, किंवा जिच्या आई-वडिलांना, भावंडांना कमी वयात झालीय, किंवा जिचा पाय आत्ताच प्लास्टरमधून निघालाय, तिने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पूजा व्हायची तशी होते.

निदानाच्या दृष्टीने अडचण वेगळीच आहे. ही गोळी 'औषध' म्हणून मोजलीच जात नाही. डॉक्टर विचारतात, काही औषधं सुरू आहेत का, आणि मुलगी मान हलवते, नाही. शेजारी आई उभी असते. गर्भनिरोधक गोळी असेल तर मग विचारूच नका. गावात डॉक्टर ओळखीचे, नर्स आईची मैत्रीण, मेडिकलवाला मामाचा वर्गमित्र. अशा वेळी 'मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय' असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. डॉक्टरांनीही ते ऐकायला हवं. फुप्फुसातल्या गुठळीपेक्षा आईची नजर जास्त भीतिदायक वाटते, हे मला कळतं. तरीही सांगा.

बसून राहणाऱ्यांचा आजार

1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र रात्र तळघरातल्या निवाऱ्यांत आरामखुर्च्यांवर काढायचे. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीच्या मागे रुतायची. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक डॉक्टरांच्या लक्षात आलं, की निवाऱ्यातून उठलेली माणसं फुप्फुसातल्या गुठळीने अचानक मरतायत. ते त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिलं. 2003 मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी 32 वर्षांच्या एका तरुणाची नोंद केली, जो रोज 12 तास आणि कधीकधी 18 तास कॉम्प्युटरसमोर बसायचा. त्यालाही जीवघेणी गुठळी झाली होती. निवाऱ्यातली खुर्ची, गेमिंगची खुर्ची आणि सेमी-स्लीपरची सीट, गुडघ्याला तिघींतला फरक कळत नाही.

प्रवासाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अभ्यासाप्रमाणे चार तासांहून लांबचा बसून केलेला प्रवास गुठळीचा धोका दुपटीच्या आसपास नेतो, मग विमान असो, रेल्वे असो की बस. दुप्पट म्हटल्यावर दचकायला होतं, पण निरोगी माणसासाठी तो दुप्पट झालेला धोकाही 6,000 मध्ये साधारण एक एवढाच भरतो. म्हणजे गावच्या बसला घाबरायचं कारण नाही. धोके एकावर एक चढतात तेव्हा बघायचं. नुसती बस काही नाही. मोडलेला पाय, तीन आठवडे पलंग आणि त्यावर बस, हे वेगळं. जेवायला गाडी थांबते तेव्हा झोप मोडून खाली उतरा, सीटवर बसल्या बसल्या पंजे वरखाली करा. पाणी प्यायचं टाळू नका. बाथरूमच्या भीतीने मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि त्याचा दोष मी त्यांना देणार नाही, रस्त्यावरची स्वच्छतागृहं बघितली आहेत.

आत डोकावायचं कसं

आपल्या गोष्टीत आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी नऊ गुण मोजले आणि 108 ला फोन केला. सावंतवाडी, ओरोस की थेट गोव्यातलं बांबोळी, हे तुमची अवस्था आणि कुठे सीटी चालू आहे यावर ठरतं. सिंधुदुर्गातल्या माणसाला बांबोळीचा रस्ता नवा नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: शंका दाट असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल तर स्कॅनची वाट न बघता डॉक्टर हेपरिनचं इंजेक्शन आधीच देऊ शकतात. वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांतच तसं आहे. जिथून स्कॅन दूर आहे तिथे हा निर्णय मोलाचा.

असं का, ते ब्रिस्टलमध्ये झालेल्या आणि 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगातून कळतं. तेव्हा सीटी नव्हता, निदान लक्षणांवरूनच. 19 रुग्णांना रक्त गोठू न देणारं औषध दिलं नव्हतं, त्यांतले 5 जण गुठळीने गेले आणि आणखी 5 जणांना पुन्हा गुठळ्या झाल्या. औषध दिलेल्या 16 जणांत गुठळीने एकही मृत्यू झाला नाही. त्यानंतर औषध न देता तुलना करायचं धाडस क्वचितच कुणी केलं.

मोठ्या रुग्णालयात पहिल्यांदा कदाचित पायाची सोनोग्राफी होईल. ही तपासणी इतकी साधी आहे की पाहून आश्चर्य वाटतं. मांडीवर प्रोब ठेवतात आणि हलकेच दाबतात. निरोगी शीर दाबली की चपटी होऊन दिसेनाशी होते. आत गुठळी असेल तर ती दबत नाही, गोलच राहते. तिथे गुठळी सापडली आणि छातीत लक्षणं असली की उपचाराचा निर्णय झालाच. पण सेरेनाच्या वेळी पाय साफ होते, हे विसरायचं नाही. गुठळी आधीच निसटून वर गेलेली असू शकते.

मग सीटी पल्मनरी अँजिओग्राम. हाताच्या शिरेत सुई, त्यातून आयोडीन असलेलं रंगद्रव्य जोरात सोडतात. अंगभर एकदम गरम लाट येते, लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते, सगळ्यांनाच तसं वाटतं. रंगद्रव्य फुप्फुसाच्या धमनीत पोचतं नेमका तो क्षण स्कॅनर पकडतो. प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा. चित्रात रक्तवाहिन्या पांढऱ्याशुभ्र दिसतात आणि जिथे गुठळी आहे तिथे पांढऱ्यात राखाडी खाच. किडनीचा त्रास किंवा रंगद्रव्याची ॲलर्जी असेल तर व्हीक्यू स्कॅन असतो. त्यात हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचतं याची दोन चित्रं काढून ती जुळतात का ते बघतात. गरोदर बाईच्या बाबतीतही त्याचा विचार होतो. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला स्कॅनपर्यंत नेताच येत नसेल तर खाटेपाशीच हृदयाचा इको करतात. उजवा कप्पा फुगलेला दिसला तर गुठळी विरघळवणारं औषध देण्याचा निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो.

सीटीत किरणोत्सर्ग असतो, तुमच्या वयात त्याचा विचार जास्त करायचा. म्हणूनच आधी एवढी गुणांची बेरीज आणि चाळण्या. छाती दुखली की प्रत्येकाने सीटी मागत सुटायचं नाही.

तर, तुमच्या उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ती राखाडी खाच दिसली. बरगडीखाली सुरी फिरत होती, अगदी तिथेच. रक्तदाब ठीक, हृदयाचा उजवा कप्पा ठीक. दोन दिवस रुग्णालयात, मग गोळ्या. या गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत, तिला वाढू देत नाहीत आणि नवी धरू देत नाहीत. विरघळवायचं काम शरीर आपल्या गतीने करतं. निदान तीन महिने, एकही दिवस न चुकवता. तेवढे दिवस कबड्डी बंद, आणि दुसऱ्या कुठल्याही दुखण्यासाठी मेडिकलमधून स्वतःहून पेनकिलर घ्यायची नाही, कारण त्याने रक्तस्राव होऊ शकतो.

घरी आल्यावर गणपती बघायला येणारा प्रत्येकजण विचारणार, काय झालं होतं? तुम्ही म्हणाल, फुप्फुसात गुठळी. आजी तेवढ्याने गप्प बसणार नाही. ती तुमची पोटरी हातात घेऊन दाबून बघेल आणि म्हणेल, "पाय दुखतलो तर आधी माका सांग."